खिडकीमागचा करारनामा

दुकानाच्या गादीशेजारी संगणक येऊन बसल्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. दिवाळीच्या वहीपूजनात चोपड्यांच्या जोडीने त्यालाही कुंकवाचे बोट लागते. बिल करणारी व्यक्ती पडद्यावरील एका लहानशा चौकोनावर टिचकी मारते, चौकोन आत दबल्यासारखा दिसतो आणि शेजारच्या यंत्रातून कागद बाहेर येतो. वस्तुतः तेथे दबण्यासारखे काहीच नसते. चौकोनाच्या कडांचे रंग क्षणभर बदलतात, उजेडाची बाजू सावलीची होते आणि बटण आत गेल्याचा डोळ्यांना भास होतो. हा भास कोणीतरी बसून लिहिलेला असतो.

बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच तो लिहिलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु तसे क्वचितच घडते. बटण रेखाटणे, माऊसचा बाण त्यावर आहे की बाहेर हे सतत तपासणे, नाव लिहिण्याच्या चौकटीत लुकलुकणारी उभी रेघ ठेवणे, चुकलेले अक्षर पुसणे, लांबलचक यादी वरखाली सरकवणे, एक खिडकी दुसरीवर आली तर खालचा भाग झाकणे आणि ती हलली की तो पुन्हा रंगवणे, हे सारे प्रत्येकाने नव्याने लिहायचे ठरवले तर बिलाच्या हिशेबाला हात लागण्यापूर्वीच दोन-चार वर्षे सरतील. म्हणून हे सुटे भाग तयार करून देणारा एक वेगळाच धंदा उभा राहिला. तयार भागांच्या अशा संचाला टूलकिट म्हणतात. सुतार ज्याप्रमाणे बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे स्वतः ओतीत बसत नाही, त्याप्रमाणे प्रोग्राम लिहिणारा टूलकिटमधून बटणे, याद्या आणि चौकटी घेतो व आपले लक्ष हिशेबावर ठेवतो.

मात्र बिजागरीची उपमा येथे एका ठिकाणी अपुरी पडते. बिजागरी मोडली तर दुसऱ्या दुकानातून आणता येते. टूलकिट तसे बदलता येत नाही. प्रोग्रामची हजारो वाक्ये त्या एका टूलकिटच्या शब्दांत लिहिलेली असतात. ते बदलणे म्हणजे इमारत तशीच ठेवून पाया बदलणे होय. पायाच्या मालकाने उद्या भाव दुप्पट केला, दुकान बंद केले किंवा दुकान भलत्याच माणसाला विकले, तर वर राहणाऱ्यांनी काय करावे? व्यापाऱ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. एकाच पुरवठादारावर ज्याची पेढी चालते, त्याची झोप कशी असते हे सांगावे लागत नाही. नॉर्वे देशातील दोन तरुणांनी काढलेल्या एका टूलकिटच्या वाटचालीत या प्रश्नाला जे उत्तर सापडले, ते तंत्रज्ञानापेक्षा व्यवहाराच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे.

त्या टूलकिटचे नाव क्यूट. इंग्रजी लिपीत ते क्यू आणि टी या दोनच अक्षरांनी लिहिले जाते. होवार्ड नॉर्ड आणि आयरिक शांबे-एंग हे त्याचे जनक. दोघेही त्रोंडहाइम येथील नॉर्वेच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकले. १९९० च्या उन्हाळ्यात ते अल्ट्रासाउंडची चित्रे साठवणारा एक प्रोग्राम एकत्र लिहीत होते. तो युनिक्स, मॅकिंटॉश आणि विंडोज अशा तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालावा, अशी अट होती. तिन्ही घरांच्या रीती निराळ्या. एका ठिकाणी बटण मागण्याची जी पद्धत, ती दुसऱ्या ठिकाणी कोणाला समजतच नसे. म्हणजे एकच काम तीनदा लिहिणे आले. ऊन खाण्यासाठी एके दिवशी दोघे बाहेर बागेतल्या बाकावर बसले असता तिन्ही ठिकाणी एकाच भाषेत बोलणारी पडदा-व्यवस्था हवी, हा विचार नॉर्डने बोलून दाखवला. पुढल्या वर्षी त्याने लिहायला आरंभ केला. क्यू हे अक्षर त्याच्या पडद्यावरील वळणात देखणे दिसे, म्हणून ते निवडले गेले; टी टूलकिटचा. नाव ठेवण्यामागे याहून मोठा विचार नव्हता.

१९९३ च्या अखेरीस दोघांनी पेढी काढण्याचे ठरवले. ४ मार्च १९९४ रोजी ती नोंदवली गेली आणि थोड्याच दिवसांत तिने ट्रोलटेक हे नाव धारण केले; ट्रोल म्हणजे उत्तरेकडील लोककथांतला डोंगरवासी राक्षस. त्या वेळची शिल्लक पाहिली तर माल अर्धवट, गिऱ्हाईक एकही नाही, भांडवल शून्य आणि बाजारात आधीपासून जम बसवलेले प्रतिस्पर्धी. एकच जमेची बाजू होती. दोघांच्याही पत्नी नोकरी करीत होत्या आणि माल विकण्याजोगा होईपर्यंतची अंदाजे दोन वर्षे घरखर्च सांभाळण्यास त्या तयार झाल्या. संगणकाच्या इतिहासात या दोन स्त्रियांचा उल्लेख एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. पहिले भांडवल ज्याने घातले त्याचे नाव खात्याच्या पहिल्या पानावर लिहिण्याची रीत पाळायची झाली, तर ते पान त्यांचेच ठरते.

या काळात जे घडवले गेले, त्यातील दोन गोष्टी समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट वाट पाहण्याची. ती क्यूटची एकट्याची नव्हे, खिडक्यांच्या सर्वच प्रोग्रामांची आहे. जुन्या काळ्या पडद्याच्या दिवसांत प्रोग्राम प्रश्न विचारी आणि मनुष्य उत्तर देई. खिडकीच्या प्रोग्राममध्ये हा क्रम उलटला. आता मनुष्य मनास येईल ते करतो आणि प्रोग्राम गादीवर बसलेल्या मालकाप्रमाणे दाराकडे डोळे लावून असतो. कोणी आले की काय हवे ते ऐकायचे, योग्य माणसाकडे पाठवायचे आणि पुन्हा दाराकडे पाहायचे. मालकच जर गिऱ्हाईक समोर ठेवून गोदामात पोती मोजायला गेला तर काय होईल? रांग खोळंबते. पडद्यावर याचेच प्रतिबिंब म्हणजे पांढरी पडलेली, टिचक्यांना दाद न देणारी खिडकी. लोक म्हणतात, संगणक अडकला. बहुतेक वेळा संगणक ठणठणीत असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मालकाला गोदामात धाडलेले असते. जाणता माणूस असे लांबलचक काम मदतनिसाकडे सोपवतो. पण तेथेही एक कडक नियम आहे. मदतनिसाने पोती मोजून आकडा आणावा, खिडकीवर तो मालकानेच लिहावा. गल्ल्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला की हिशेब केव्हा बिघडेल याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट क्यूटची स्वतःची, आणि ती १९९२ मध्ये शांबे-एंगला सुचली. बटण दाबले गेल्यावर पुढले काम कोणी करायचे, हे पूर्वी बटणाला आधीच सांगून ठेवावे लागे. एखाद्या निरोप्याच्या हाती पत्ता द्यावा, तसा कामाचा पत्ता बटणाच्या हाती दिला जाई. पत्त्यात चूक झाली की संपूर्ण प्रोग्राम कोसळे. शांबे-एंगची योजना मार्केट यार्डातील लिलावासारखी आहे. ओट्यावर उभा असलेला माणूस भाव पुकारतो. अडत्या तो ऐकतो, खरेदीदार ऐकतो, कारकून वहीत टिपतो. पुकारणाऱ्याला कोण ऐकत आहे याची फिकीर नसते. क्यूटमधील बटण केवळ आपण दाबले गेल्याचा पुकारा करते. तो कोणी ऐकावा हे तिसऱ्याच ठिकाणी, एका ओळीत जोडलेले असते. एका पुकाऱ्याला दहा ऐकणारे असू शकतात, एकही नसला तरी बिघडत नाही. पुकाऱ्याला सिग्नल आणि ऐकणाऱ्याला स्लॉट अशी नावे आहेत. सी प्लस प्लस या भाषेत अशी सोय नव्हती. म्हणून लिहिलेले पान आधी वाचून त्यात आवश्यक भर घालणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी तयार केला. भाषेच्या सोवळेपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यावर बरीच नाके मुरडली. योजना मात्र टिकली, आणि पुढे इतरांनीही आपापल्या रीतीने उचलली.

२० मे १९९५ रोजी माल बाजारात आला. पहिल्या दिवसापासून त्याचे दोन भाव होते. जो आपला प्रोग्राम विकणार, त्याने परवान्याचे पैसे मोजावेत. जो आपला प्रोग्राम लोकांना मुक्तपणे देणार, त्याला टूलकिटही फुकट. एकाच मालाला एक भाव आणि शून्य भाव, ही कल्पना कोणत्याही बाजारात ऐकणाऱ्याला भुवया उंचवायला लावणारी होती. विक्रीने भुवया खाली येऊ दिल्या नाहीत. एका नॉर्वेजियन कंपनीच्या कंत्राटावर पेढी तगून होती, पण परवाना म्हणून दहा महिने एकही विकला गेला नाही. मार्च १९९६ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने दहा परवाने घेतले. वर्षअखेरीस हिशेब मांडला तेव्हा आठ गिऱ्हाइके होती, प्रत्येक वेगळ्या देशातले, आणि विकलेले परवाने मिळून अठरा. तरीही त्यांनी मधल्या काळात आणखी एक माणूस पगारावर ठेवला.

खरी कसोटी मात्र फुकट घेणाऱ्यांकडून आली. ट्युबिंगेन येथील मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये लिनक्ससाठी एकसंध, देखणा आणि सामान्य माणसाला वापरता येईल असा डेस्कटॉप उभारण्याचा संकल्प जाहीर केला. तोपर्यंत तेथील प्रत्येक प्रोग्रामचे रूप आणि वागणे निराळे असे. या कार्याचे नाव केडीई, आणि त्याचा पाया क्यूट. जगभरातील स्वयंसेवक जमले, काम झपाट्याने वाढले, आणि त्याबरोबर शंकाही वाढली. क्यूटची फुकट प्रत कोणालाही वाचता येत होती, परंतु तीत सुधारणा करून ती सुधारित प्रत वाटण्याची मुभा नव्हती. हजारो हातांनी उभारलेली धर्मशाळा एका खासगी जमिनीवर उभी राहत होती, आणि जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावे होता.

यावरून जे वादंग माजले त्याची तीव्रता आज कल्पनेनेच जाणावी लागेल. मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम नावाने दुसरा डेस्कटॉप सुरू केला, तो केवळ या जमिनीच्या प्रश्नापायी. त्यांनी पाया घेतला जीटीके या टूलकिटचा. ते अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी घडवले होते; कारण त्यांनाही आधीच्या विकतच्या टूलकिटवर विसंबणे नकोसे झाले होते. आणखी काही जणांनी क्यूटची हुबेहूब मुक्त प्रतिकृती लिहायला घेतली. ट्रोलटेकच्या मालकांनी तोवर कोणाला फसवले नव्हते. त्यांच्या सचोटीविषयी फारसे कोणाला बोलायचेही नव्हते. प्रश्न असा होता की मालक उद्या मरतील, पेढी विकतील, तिचे दिवाळे निघेल. त्या दिवशी शब्द कोणाकडे मागायचा?

जून १९९८ मध्ये ट्रोलटेकने आणि केडीईच्या संस्थेने मिळून केडीई फ्री क्यूट फाउंडेशन स्थापन केले. त्याचा करार थोडक्यात असा. कंपनीने क्यूटची मुक्त आवृत्ती काढणे थांबवले आणि बारा महिने नवी आवृत्ती आली नाही, तर फाउंडेशनला क्यूट संपूर्णपणे मोकळे करण्याचा अधिकार राहील. इतके मोकळे की कोणीही ते घ्यावे, बदलावे, विकावे, कोणाला एक पैसा देऊ नये. मंडळावर दोघे कंपनीचे, दोघे केडीईचे. मते समसमान पडली तर केडीईचा शब्द अखेरचा. कंपनी विकली गेली, दुसरीत विलीन झाली किंवा बुडाली तरी करार कायम.

व्यापाऱ्याने हा कागद दोनदा वाचावा. गहाणखतात कर्जदार आपली वस्तू सावकाराकडे ठेवतो. येथे मालकाने कोणाचे कर्ज घेतलेले नाही, उलट माल फुकट दिला आहे, आणि तो फुकट देणे आपण थांबवणार नाही याची हमी म्हणून संपूर्ण दुकान गहाण ठेवले आहे. पहिल्या नजरेत हा आतबट्ट्याचा सौदा वाटतो. पण त्या कागदाने धंद्याला मिळालेली वस्तू पैशाने विकत घेता आली नसती. ज्या गिऱ्हाइकाला पायाची भीती वाटत होती, तीच भीती विकत घेणाऱ्या कंपन्यांनाही होती. करार दोघांच्याही कामी आला.

भांडण तेवढ्याने मिटले नाही. पुढल्या वर्षी परवाना सौम्य केला गेला, तोही टीकाकारांना पुरेसा वाटला नाही. सप्टेंबर २००० मध्ये मात्र क्यूट जीपीएल या परवान्याखाली आले आणि मूळ आक्षेपच नाहीसा झाला. जीपीएलचा न्याय सरळ आहे. फुकट घेतलेस तर तुझाही प्रोग्राम त्याच अटींवर उघडा ठेव. आपला प्रोग्राम झाकून ठेवायचा असेल तर विकतचा परवाना घे. दोन भावांच्या त्या जुन्या विचित्र कल्पनेला येथे घट्ट बैठक मिळाली. विंडोजसाठी ही मुक्त आवृत्ती यायला २००५ उजाडले. जेथे खरी कमाई होती तो दरवाजा मालकांनी शेवटी उघडला, हे स्वाभाविकच म्हणायचे.

दोन तंबूंच्या या भांडणात मराठी वाचकाशी थेट नाते सांगणारा एक धागा आहे. देवनागरी लिहिणे टूलकिटला सोपे नाही. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी क येतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘क्ष’ हे एक अक्षर आत तीन खुणांनी साठवलेले असते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, उकार खाली उतरतो, त्यामुळे चौकटीची उंची इंग्रजीच्या मापाने धरून चालत नाही. हे ज्ञान टूलकिटमध्ये नसेल, तर प्रत्येक बटणावरचे मराठी विस्कटलेले दिसते, मग प्रोग्राम कितीही चोख असो. या कामासाठी फ्रीटाइप प्रकल्पातून निघालेला एक अक्षरजुळणीचा भाग क्यूटने आपल्या परीने वाढवला होता, आणि जीटीकेच्या बाजूच्या लोकांनीही आपल्या परीने. पुढे दोन्ही बाजूंनी तो एकत्र केला. त्याचे नाव हार्फबझ. फारसीत त्याचा अर्थ खुले अक्षर. जमिनीवरून ज्यांचे पटले नाही त्यांचे अक्षरावरून पटले. आज अँड्रॉइड फोनवर आणि क्रोममध्ये मराठी नीट दिसते, त्यामागे हाच भाग आहे.

त्यानंतरची वर्षे त्या कागदाची परीक्षा घेणारी ठरली. २००८ मध्ये नोकिया या फिनलंडच्या फोन कंपनीने ट्रोलटेक सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. नोकियाला परवान्याच्या विक्रीत रस नव्हता, आपल्या फोनसाठी प्रोग्राम लिहिणारे हात हवे होते. म्हणून २००९ मध्ये अट आणखी सैल झाली आणि झाकलेला प्रोग्रामही काही बंधने पाळून फुकट टूलकिटवर उभारता येऊ लागला. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली. क्यूट एका दिवसात सावत्र झाले. आधी त्याच्या परवान्यांचा व्यवसाय, मग २०१२ मध्ये उरलेले सर्व, फिनलंडच्याच डिजिया कंपनीकडे गेले, नोकियाने मोजलेल्या रकमेच्या अल्प अंशात. २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी हेलसिंकीच्या शेअर बाजारात उभी राहिली. आठ वर्षांत मालक एवढे बदलले, आणि प्रत्येक वेळी नव्या मालकाच्या हाती दुकानाच्या किल्ल्यांबरोबर १९९८ चा तो कागदही आला. व्हीएलसीवर व्याख्यान ऐकणाऱ्याला किंवा संगणकावर टेलिग्राम उघडणाऱ्याला या उलथापालथीची चाहूलही लागली नाही, जरी दोन्ही प्रोग्रामांच्या खिडक्या क्यूटवरच उभ्या आहेत.

२०२० च्या जानेवारीत कंपनीने दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या आवृत्त्या केवळ पैसे देणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. एप्रिलमध्ये, महामारीच्या पहिल्या भयाच्या दिवसांत, फाउंडेशनवरील केडीईच्या प्रतिनिधीने जाहीर पत्र लिहिले. प्रत्येक नवी आवृत्ती पहिले बारा महिने फक्त विकत घेणाऱ्यांना देण्याचा विचार कंपनीत चालू असल्याचे त्यात म्हटले होते. बारा महिने हा आकडा योगायोगाचा नव्हता. करारातली मुदत तेवढीच होती. म्हणजे कागद न मोडता त्याच्या कडेपर्यंत जाऊन उभे राहण्यासारखे झाले असते. थोड्याच दिवसांत कंपनीने मुक्त आवृत्तीशी आपण बांधील असल्याचे निवेदन काढले. कराराचे ते कलम वापरण्याची वेळ तेव्हाही आली नाही. ८ डिसेंबर २०२० रोजी क्यूटची सहावी पिढी बाहेर पडली, विकत घेणाऱ्यांसाठी आणि फुकट घेणाऱ्यांसाठी एकाच दिवशी.